ही सुलोचना वेगळी: रुबी मायर्सबद्दल

प्रश्न असा आहे: आजोबांच्या ट्रंकेत जुन्या पावत्या आणि पंचांगांच्या खाली पोस्टकार्डाएवढं एक चित्र सापडलं. आखूड कापलेले केस, गळ्यात मोत्यांचा सर, खांद्यावरून ओघळलेला झिरझिरीत पदर आणि खाली इंग्रजीत नुसतं ‘सुलोचना’. या आपल्या सुलोचनादीदी का? नसतील तर कोण? त्यांचं एवढं काय वेड होतं, आणि त्यांचा एखादा चित्रपट आज कुठे पाहायला मिळेल?

नाही, या दीदी नव्हेत. सुलोचना लाटकर, म्हणजे आपल्या सुलोचनादीदी, जन्मल्या १९२८ साली, खडकलाटला. त्याच १९२८ साली तुमच्या हातातली ही सुलोचना मुंबईत ‘अनारकली’ होऊन पडद्यावर आलेली होती. लावणी गाणाऱ्या सुलोचना चव्हाण या आणखी तिसऱ्या. तुमची गफलत झाली यात काही नवल नाही. १९५० नंतरच्या हिंदी चित्रपटांत ही मूकपटातली सुलोचनाही आईच्या भूमिका करत होती आणि दीदीही करत होत्या. श्रेयनामावलीत दोघींचंही नाव नुसतंच ‘सुलोचना’. दोघींच्या चित्रपटांच्या याद्या एकमेकींत मिसळलेल्या मी कितीतरी ठिकाणी पाहिल्या आहेत. जुन्या फिती आणि चित्रपटांचे छापील कागद सांभाळण्याचं काम मी तीस वर्षं करतो आहे. त्यातला मोठा वेळ असल्या नावांचे गुंते सोडवण्यातच जातो.

हिचं खरं नाव रुबी मायर्स. मी तिला ‘ती’च म्हणणार. इतक्या वर्षांच्या सहवासानंतर ‘त्या’ म्हणायला जीभ वळत नाही.

रुबीचा जन्म १९०७ साली पुण्यात, बगदादी ज्यू कुटुंबात झाला. ज्यू म्हटलं की मराठी माणसाला आठवतात ते कोकणातले बेने इस्रायल: शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ‘शनवार तेली’, घरात मराठी बोलणारे, पेणकर, चेऊलकर अशी आडनावं लावणारे. अभिनेते डेव्हिड त्यांच्यातले. बगदादी ज्यू वेगळे. ते एकोणिसाव्या शतकात इराककडून व्यापाराला आले. घरात अरबी वळणाची बोली, पुढे इंग्रजी. ससून त्यांचेच. पुण्याच्या कॅम्पातलं लाल देऊळ रोज येताजाता दिसतं, ते डेव्हिड ससूनने बांधायला घेतलेलं त्यांचं प्रार्थनामंदिर. रुबी या समाजातली. मराठी मुलुखात जन्मलेली, पण मराठी घरांना परकी वाटणारी. तिच्या पुढच्या आयुष्यातलं बरंच काही या एका गोष्टीतून उलगडतं.

मुंबईत ती टेलिफोन ऑपरेटर होती. कोहिनूर फिल्म कंपनीच्या मोहन भवनानींनी तिला पाहिलं आणि चित्रपटात काम करशील का, असं विचारलं. तिने साफ नकार दिला. बाईने चित्रपटात काम करणं तेव्हा बदनामीचं होतं, आणि ते ज्यू घरातही तसंच होतं. भवनानींनी पिच्छा सोडला नाही आणि शेवटी ती तयार झाली. अभिनयाचा गंध नव्हता, कसली तालीम नव्हती. १९२५ साली ‘वीर बाला’ आला.

तेव्हाचा काळ आठवा. १९१३ साली फाळक्यांना ‘राजा हरिश्चंद्र’तल्या तारामतीसाठी बाई मिळाली नाही, म्हणून ग्रँट रोडवरच्या एका खाणावळीतले अण्णा साळुंके लुगडं नेसून उभे राहिले. त्याच वर्षी दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला यांनी ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये काम करून ती कोंडी फोडली. तरी पुढची पंधरा वर्षं कुलीन म्हणवणाऱ्या घरांची दारं बंदच राहिली. ती जागा भरून काढली अँग्लो-इंडियन आणि ज्यू मुलींनी. पेशन्स कूपर आली. रेने स्मिथची सीता देवी झाली, आयरिस गॅस्परची सबिता देवी. रुबी मायर्सची सुलोचना झाली. चेहरा एकीचा आणि नाव दुसरीचं, असा तो करार होता. पडद्यावर हिंदू नायिका हवी, पण हिंदू घरातली मुलगी मिळत नव्हती.

नाव मात्र फार नेमकं निवडलं होतं. सुलोचना, सुंदर डोळ्यांची. मूकपटात नटीची सारी भाषा डोळ्यांतच. दृश्यांच्या मधे येणाऱ्या, मजकूर लिहिलेल्या पाट्या गुजराती, हिंदी, उर्दू, मराठी, इंग्रजी अशा अनेक लिप्यांत यायच्या. थेटरात वाचता येणारा माणूस शेजारच्यांना मोठ्याने वाचून दाखवायचा. पाटी निघून गेली की उरायचा फक्त चेहरा.

या चेहऱ्याबद्दल माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. त्या वेळची कृष्णधवल फिल्म बराच काळ ऑर्थोक्रोमॅटिक होती. तिला निळा रंग पांढरा दिसायचा आणि लाल जवळजवळ काळा. गालावरची लाली काळ्या डागासारखी उमटायची, ओठ डांबरासारखे व्हायचे, आणि निळे डोळे असतील तर बुबुळं धुतल्यासारखी फिकी पडायची. म्हणून चेहऱ्यावर फिकट रंगाचे थर चढवायचे, भुवया काळ्याभोर रेखायच्या, ओठांचा आकार रंगाने लहान करायचा. चित्रीकरण उघड्यावर किंवा काचेच्या छपराखाली, भर उन्हात, वर चंदेरी पत्र्यांचे फळे धरून तेच ऊन तोंडावर फेकलेलं. अशा प्रकाशात डोळे न मिचकावता प्रेमभराने पाहत राहणं ही अंगमेहनत आहे. तुमच्या चित्रातली ती संथ, थोडी जड झालेली नजर पाहा. लोक तिला मादक म्हणतात. मला त्या नजरेत आधी उन्हाचा सराव दिसतो.

तिचं वेड लागलं ते मात्र एवढ्याने नव्हे. माझ्या मते कारण दुसरं आहे आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं: तिने कुणाच्या भूमिका केल्या ते पाहा. त्या काळातल्या नायिका म्हणजे सीता, सावित्री, द्रौपदी, फार तर एखादी राजकन्या. सुलोचनाच्या चित्रपटांची नावं ‘टेलिफोन नी तरुणी’, ‘टायपिस्ट गर्ल’ (दोन्ही १९२६) आणि १९२९ सालचा ‘इंदिरा बी.ए.’. ही नोकरी करणारी, स्वतःचे पैसे मिळवणारी, पदवी घेतलेली शहरातली मुलगी. टेलिफोन एक्स्चेंजमधून आलेली मुलगी पडद्यावर टेलिफोनवालीच झाली. १९२६ साली मुंबईच्या कचेरीत टाइपरायटर बडवणारी बाई दिसणंच दुर्मीळ होतं. ट्रामने कामाला जाणारी, पुरुषांच्या टेबलांमध्ये बसणारी, संध्याकाळी आपल्या पाकिटातून पैसे काढून देणारी बाई प्रेक्षकांनी पहिल्यांदा मोठ्या आकारात पाहिली ती सुलोचनाच्या रूपात. आजोबांच्या पिढीतल्या मुलांनी तिचं चित्र पंचांगाखाली लपवलं ते तिच्या खांद्यासाठी असेलही. पण तिने त्यांना एका नव्या तऱ्हेची बाई दाखवली होती, हेही तितकंच खरं.

आणि मग १९२७ सालचा ‘वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे’. दिग्दर्शक पुन्हा भवनानी. त्यात तिने आठ सोंगं घेतली. त्यांत माळी होता, पोलीस होता, हैदराबादी गृहस्थ होता, रस्त्यावरचं उनाड पोर होतं, केळी विकणारी होती आणि सोनेरी केसांची युरोपियन बाईही होती. चौदा वर्षांपूर्वी पुरुषाला लुगडं नेसवावं लागत होतं आणि आता एक बाई पोलिसाचा वेष चढवून मुंबईभर धुमाकूळ घालत होती! निव्वळ सुंदर चेहऱ्याच्या भरवशावर कुठला निर्माता एका नटीला आठ वेष देत नाही. तिला माणसांच्या लकबी उचलता येत होत्या. चालीतून, खांद्यांतून, मानेच्या झटक्यातून माणूस उभा करता येत होता. हा चित्रपट परत मिळावा म्हणून मी काय वाटेल ते द्यायला तयार आहे.

कोहिनूर सोडून ती अर्देशीर इराणींच्या इंपीरियल फिल्म कंपनीत गेली. दिग्दर्शक आर. एस. चौधरी आणि नायक दिनशा बिलिमोरिया यांच्या जोडीने तिचा सर्वांत भरभराटीचा काळ तिथेच गेला. १९२८ सालच्या ‘अनारकली’ची गंमत सांगण्यासारखी आहे. लाहोरची एक कंपनी याच कथेवर थाटामाटात मोठा चित्रपट काढत होती आणि त्यात सीता देवी नायिका होती. इंपीरियलने घाईघाईने आपली ‘अनारकली’ उरकली आणि आधी पडद्यावर लावून टाकली. लाहोरवाल्यांच्या खर्चिक चित्रपटावर मुंबईच्या घाईने मात केली, आणि त्यात सुलोचनाच्या नावाचा वाटा मोठा होता. तिच्या नावाचं वजन किती, तर महात्मा गांधी खादी प्रदर्शनाचं उद्घाटन करतात असा एक छोटा पट दाखवायचा होता, तेव्हा त्याच्याबरोबर ‘माधुरी’ या मूकपटातलं तिचं नृत्य ध्वनीची जोड देऊन लावलं गेलं. एकाच पडद्यावर, एकाच खेळात बापूंची खादी आणि सुलोचनाचा नाच.

आता त्या पगाराच्या गोष्टीविषयी, कारण ती तुम्हाला कुठेही वाचायला मिळेल. सुलोचनाला महिना पाच हजार मिळत आणि ते मुंबईच्या गव्हर्नराच्या पगारापेक्षा जास्त होते, असं म्हणतात. पाच हजारांचा आकडा सगळीकडे सांगितला जातो. गव्हर्नराची तुलना मात्र हिशेबात बसत नाही. १९३५ च्या भारत सरकार कायद्याने मुंबईच्या गव्हर्नराचा पगार वर्षाला १,२०,००० रुपये ठरवला होता, म्हणजे महिन्याला दहा हजार. त्याआधीच्या कायद्यातली मर्यादा याहूनही थोडी वर होती. मग ही आख्यायिका इतकी का टिकली? मला वाटतं, लोकांना ती खरी हवी होती म्हणून. लाटसाहेबाला मागे टाकणारी एक देशी नटी! त्या कल्पनेतच सुख होतं. पण या गोष्टीने एक नुकसान केलं. सुलोचना म्हटलं की पगार आणि तिची शेवरोलेट गाडी एवढंच लोकांच्या तोंडी राहिलं. काम बाजूला पडलं. शाळामास्तराच्या हातात महिन्याला दोन आकडी रक्कम पडायची त्या काळात पाच हजार खरोखर डोळे दिपवणारे होतेच. त्यासाठी गव्हर्नराला मध्ये आणायची गरज नाही.

१४ मार्च १९३१ ला गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ लागला. चित्रपट इंपीरियलचाच, पण नायिका झुबेदा. इंपीरियलची सर्वांत मोठी तारका पहिल्या बोलपटात नव्हती, कारण तिला पडद्यावर शोभेल असं हिंदुस्थानी बोलता येत नव्हतं. मूकपटाने ज्या मुलींना जागा दिली होती, त्यांतल्या बहुतेकींची जागा बोलपटाने एका फटक्यात काढून घेतली. इथे रुबीने केलं ते मला तिच्या आयुष्यातलं सर्वांत मोठं काम वाटतं. तिने वर्षभर काम थांबवून भाषा शिकली. कीर्ती शिखरावर असताना पुन्हा पाटी-पेन्सिल हातात घेणारे किती निघतील? १९३२ साली ती बोलक्या ‘माधुरी’तून परतली. या चित्रपटात तिच्याबरोबर गायक विनायकराव पटवर्धन होते, गंधर्व नाटक मंडळीतले, पुढे पुण्यात गांधर्व महाविद्यालय काढणारे विनायकबुवा. बगदादी ज्यू नटी आणि विष्णु दिगंबरांचा शिष्य एका चौकटीत! त्यानंतर तिने आपले मूकपटच एकामागून एक बोलके केले. ‘इंदिरा बी.ए.’ची १९३४ साली ‘इंदिरा एम.ए.’ झाली (मधल्या पाच वर्षांत पदवी वाढली), १९३५ साली ‘अनारकली’ पुन्हा आली आणि १९३६ साली ‘वाइल्डकॅट’ची ‘बंबई की बिल्ली’ झाली. रुबी पिक्स या नावाने स्वतःची संस्थाही तिने काढली.

तरी पायाखालची जमीन सरकत होतीच. १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’त दुर्गाबाई खोटे उभ्या राहिल्या, मग देविका राणी आल्या, लीला चिटणीस आल्या. सुशिक्षित, चांगल्या घरच्या बायका आता पडद्यावर येताहेत याचा चित्रपटसृष्टीला केवढा अभिमान वाटू लागला! लीलाबाईंच्या नावापुढे तर बी.ए. ही पदवी जाहिरातीत झळकायची. पदवीधर नायिका हे नाटक रुबीने १९२९ साली पडद्यावर केलं होतं. खरी पदवीधर नायिका आली तेव्हा रुबीला बाजूला सरकावं लागलं. घरं दार उघडत नव्हती तेव्हा ज्या मुलींनी चित्रपटाला नायिका पुरवल्या, त्या आता ‘तसल्या’ ठरल्या. चित्रपटसृष्टीच्या इतिहासातला हा अन्याय मला फार लागतो. दुर्गाबाईंबद्दल माझ्या मनात अपार आदर आहे आणि त्यांनी जे धाडस केलं ते खरंच होतं. पण प्रतिष्ठित बाईने चित्रपटात येण्याजोगी वाट आधी कुणी तुडवली, ते सांगताना रुबीचं नाव घेतलंच पाहिजे.

बिलिमोरियाबरोबरची जोडी तुटली तशी कामंही आटली. १९४७ सालच्या ‘जुगनू’त ती दिसली, पुढे लहान भूमिकांत दिसत राहिली. १९५३ साली फिल्मिस्तानची ‘अनारकली’ आली, सी. रामचंद्रांच्या संगीताची, ‘ये जिंदगी उसी की है’वाली. अनारकली झाली होती बीना राय. सुलोचना त्यात सलीमची आई होती. पंचवीस वर्षांत तीन ‘अनारकली’: दोनदा भिंतीत चिणली जाणारी प्रेयसी आणि तिसऱ्यांदा त्याच सलीमची आई. या तिसऱ्या चित्रपटाचे दिग्दर्शक नंदलाल जसवंतलाल, म्हणजे ‘इंदिरा एम.ए.’मध्ये तिला नायिका म्हणून उभं करणारेच. सेटवर त्या दोघांची नजरानजर झाली असेल तेव्हा काय वाटलं असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

१९७३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार तिला मिळाला. १० ऑक्टोबर १९८३ ला मुंबईत ती गेली.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, आणि त्याचं उत्तर देताना मला वाईट वाटतं. ‘टायपिस्ट गर्ल’ नाही, ‘वाइल्डकॅट’ नाही, १९२८ ची ‘अनारकली’ नाही. ज्या मूकपटांनी तिला सुलोचना केलं, त्यांतलं काहीच आज पाहता येत नाही. आपल्याकडे साधारण तेराशे मूकपट निघाले. त्यांतले आज तीसही उरलेले नाहीत, आणि त्यांतलेही काही तुकड्यांतच. कारण ती फिल्म नायट्रेटची. पेट घेतला की पाण्याखालीसुद्धा जळते, कारण तिचा प्राणवायू तिच्यातच असतो. आग लागली नाही तरी ती हळूहळू कुजते. आधी चित्र फिकं पडतं, मग फीत चिकट होते, मधाच्या रंगाचा फेस येतो, आणि शेवटी डब्यात तपकिरी भुकटी राहते. बोलपट आल्यावर मूकपटांना भाडं मिळेना, तेव्हा त्यांतली चांदी काढण्यासाठी रिळं विकली गेली. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं १९६४ साली. तोवर बहुतेक सगळं गेलं होतं. एका जुन्या थेटराच्या माळ्यावर मी गंजलेले अकरा डबे उघडले होते. त्यांतल्या एकावर खडूने ‘सु’ एवढंच अक्षर राहिलं होतं. आत भुकटी होती. ते ‘सु’ सुलोचनाचं होतं की नाही, कुणास ठाऊक. मी तो डबा बराच वेळ हातात धरून बसलो होतो.

तिला पाहायचंच असेल तर १९५३ ची ‘अनारकली’ सहज मिळेल. गाण्यांसाठी तुम्ही ती पाहिलीही असेल. या वेळी सलीमच्या आईकडे बघा. १९७० सालच्या ‘बॉम्बे टॉकी’तही ती आहे. या दोन्ही भूमिका लहान आहेत, पण मान वळवण्याची आणि बोलण्याआधी क्षणभर थांबण्याची तिची रीत त्यांत सापडते. ते मूकपटाचं वळण आहे. शब्द यायच्या आधी डोळे बोलून जातात.

आणि म्हणूनच ट्रंकेतलं ते चित्र मोलाचं आहे. चित्रपट गेले. उरले ते कागद: पोस्टकार्डं, गाण्यांच्या चोपड्या, जाहिराती, काडेपेट्यांवरच्या छापा. तिच्या चेहऱ्यावर प्रकाश कसा टाकत, कुठला वेष कुठल्या चित्रपटातला, हे आम्ही आता त्यांवरूनच जुळवतो. तेव्हा कृपा करून ते लॅमिनेट करू नका. एका कुटुंबाने प्रेमापोटी आजीकडची जुनी जाहिरात लॅमिनेट करून आणली होती. प्लास्टिकच्या उष्णतेने शाई उडाली होती आणि आता ते सोडवता येत नाही. चिकटपट्टी लावू नका, फाटलं असेल तर फाटलेलंच राहू द्या. आम्ल सुटणाऱ्या पुठ्ठ्याच्या फ्रेममध्ये घालून भिंतीवर उन्हात टांगू नका. आम्लरहित कागदाचं पाकीट मिळतं, त्यात आडवं ठेवा, पावसाळ्यात कपाटाच्या वरच्या कप्प्यात, भिंतीपासून दूर. चित्राला हात लावायच्या आधी हात धुऊन कोरडे करा.

आणि मला मागच्या बाजूचा फोटो पाठवा. पुढचा चेहरा मी ओळखतो. पण मागे, अगदी तळाशी, बारीक अक्षरांत छापखान्याचं नाव किंवा एखादा क्रमांक असेल, कदाचित आजोबांच्या हाताने लिहिलेली तारीखही. भिंगाखाली तिरका प्रकाश पाडून बघा. पुसट झालेली पेन्सिल तशीच दिसते.